मुक्या खांबांची बोंडं

मावशीला काळजी करायला कारण लागत नसे. उलट कारण सापडलं नाही की तिचा जीव जास्त खालीवर होई. मग आपल्या नजरेतून नक्की काहीतरी सुटलंय अशी तिची खात्रीच पटे. गॅस बंद केला की बटणाला पुन्हा हात लावायचा, दाराची कडी घातली की ओढून बघायची, आणि गल्लीच्या वळणापर्यंत गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढायची. सासूबाई आतून म्हणत, "कडी थकली गं बाई, आता सोड तिला."

ह्यात तिचा फार दोष नव्हता. माहेरी ती थोरली. दुधावर लक्ष ठेव, धाकट्यावर लक्ष ठेव, फाटकावर लक्ष ठेव, ह्यापलीकडे तिला लहानपणी कुणी काही सांगितलंच नाही. लग्न होऊन आली तर सासरे अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यावर लक्ष. ते गेले आणि घरात लक्ष ठेवण्याजोगं काही उरलं नाही, तेव्हा तिला चैन पडेना. नवरा लांबच्या ट्रकवर; घरी आला की पडल्या जागी घोरणारा. घोरणाऱ्या माणसावर किती लक्ष ठेवणार? पोटी मूल झालं नाही. मग शेजारच्या शिंपिणीचं पोर दुपारपुरतं सांभाळायला घेतलं, त्याच्यामागून दुसरं आलं, तिसरं आलं, आणि पुढच्या खोलीचं पाळणाघर कधी झालं ते तिलाही कळलं नाही. पोरं मावशी म्हणत म्हणून पोरांचे आईबाप मावशी म्हणू लागले, मग दूधवाला, मग अख्खी गल्ली. एकदा तर ट्रकवरून उतरलेला नवरा दारातूनच ओरडला, "मावशी, पाणी दे गं!" सासूबाई हसून हसून ठसकल्या.

त्या पुढच्या खोलीत टोकदार म्हणून काही शिल्लक नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या गादीच्या पट्ट्या, कपाटाच्या मुठींना मोजे, भिंतीतल्या बटणांवर पुठ्ठा. राहिल्या होत्या फक्त खिडक्या. दोन मोठ्या खिडक्या, आणि दुपारी त्यांतून असं ऊन येई की झोपलेली पोरं घामानं निथळत. पडदे मावशीनं जुन्या चादरींचे घरीच शिवले. दांड्या म्हणजे पाण्याच्या नळाचे तुकडे. पण त्यांवरच्या लोखंडी कड्यांचा रंग उडाला होता. पडदा सरकवला की पोपडे खाली पडत, आणि खाली पडलेला पोपडा म्हणजे कुणाच्या तरी तोंडात गेलेला पोपडा. मावशीला दोन रात्री झोप नाही.

"विणून टाक की," सासूबाई म्हणाल्या. "प्रत्येक कडीला अंगडं घाल. ना रंग पडायचा, ना खडखड व्हायची."

क्रोशाची सुई सासूबाईंचीच, आणि विद्याही त्यांचीच. सुनेला त्यांनीच शिकवलं होतं: आधी साखळी, मग खांब, आणि घट्ट, अंगाबरोबर बसणारं काम हवं असेल तर मुका खांब. "मुका का म्हणतात?" असं सुनेनं विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बुटका असतो, डोकं वर काढत नाही, कुणाला काही सांगत नाही. पण सगळ्या विणीचा भार त्याच्यावर."

मावशीनं कड्या मढवल्या. नळाच्या उघड्या टोकांना तिनं लाल दोऱ्याची टोपडी विणली, तान्ह्या पोराला घालतात तशी, आत कापूस भरायचं काम सासूबाईंना दिलं, आणि दांडीला टोपडं घातलेलं बघून पोरं टाळ्या वाजवू लागली. मग दिवसा पडदे बांधून ठेवायला बंद हवे झाले. बंदांचे गोफ मावशीनं केले. त्यांच्या टोकांना लोंबायची बोंडं मात्र सासूबाईंनी मागून घेतली. चार पडदे, चार बंद, प्रत्येकाच्या दोन टोकांना दोन बोंडं.

"आई, तुमच्या बोटांना नाही व्हायचं ते," मावशी म्हणाली होती. "मणी निसटेल. राहू द्या, मी करते."

"माझी बोटं आहेत, मला विचार."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना..."

"डॉक्टरला विणता येतं का?"

बोंड म्हणजे आत लाकडी मणी आणि वरून दोऱ्याचं कातडं. मणी कोपऱ्यावरच्या कातार्‍यानं कातून दिले होते, मोठ्या बोराएवढे. निम्मं विणून झालं की हातात इवलीशी वाटी तयार होते. त्या वाटीत मणी बसवायचा आणि मग एकेक मुका खांब कमी करत तोंड आवळून घ्यायचं. शेवटचा फास ओढून दोऱ्याचं शेपूट आत दडवायचं. सासूबाईंची बोटं सांध्यांत सुजलेली, सकाळी तर पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे. तरी त्यांनी आठही बोंडं केली. मावशी मधूनमधून डोकावे. "जमतंय ना, आई?" त्या पाठ फिरवून बसत. झाल्यावर त्यांनी ती सगळी सुनेच्या ओंजळीत टाकली आणि आत जाऊन पडल्या. मावशीनं प्रत्येक बोंड दाबून पाहिलं होतं, अर्थातच. सगळी दगडासारखी घट्ट.

मुंगी आली ती पडदे लागल्यानंतर. मुंगी म्हणजे कंडक्टरबाईची पोर, नुकती चालायला लागलेली. खरं नाव कागदावर होतं. पण जमिनीवरचा कण न कण वेचून तोंडात घालायची तिची रीत बघून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिला मुंगी केलं, आणि आईनंही ते मान्य केलं. "बरोबर आहे, आजी. घरी कॅलेंडरचा कोपरा खाल्लाय तिनं. पूर्ण महिना." ही कंडक्टरबाई एकटी. खाकी कपडे, खांद्यावर चामड्याची पिशवी, आणि भरल्या बसमध्ये मागच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज. पोर देताना मात्र तो आवाज खाली येई. "मावशी, हिचं तोंड बघत जा हं."

मावशी बघत होती. दिवसातून दहा वेळा तिचं बोट मुंगीच्या तोंडात असे.

त्या दुपारी पोरं ओळीनं झोपली होती. शिंपिणीच्या पोरानं अंथरूण खराब केलं, म्हणून मावशी त्याला धुवायला मागं घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आई, जरा लक्ष असू द्या."

"आहे की मी," खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या.

ती परत आली तेव्हा सासूबाईंची मान छातीवर कलली होती, आणि त्यांच्या पायाशी मुंगी बसली होती. जागी, खुशीत. तिच्या मांडीत दोऱ्याचा हा एवढा गुंताळा. खिडकीच्या बंदाचं एक टोक भुंडं झालेलं. आणि मुंगीच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक दोरा बाहेर लोंबत होता.

मावशीनं खांद्यावरचं पोर खाली ठेवलं की टाकलं हे तिला पुढं कधी आठवलं नाही. तिनं तो दोरा धरला आणि हळूच ओढला. तो आला. आणखी ओढला, आणखी आला. ओला, लाळेनं चिकट, संपतच नव्हता. टोकाला काहीतरी असणार, आता लागेल, आता लागेल, असं म्हणत ती ओढत राहिली; आणि टोक आलं तेव्हा टोकाला काही नव्हतं.

तिनं बोट घातलं. गालात, जिभेखाली, टाळ्याला. मुंगी कडाडून चावली. काही नाही.

"मणी कुठाय?" ती म्हणाली. "आई, मणी कुठाय?"

सासूबाई दचकून जाग्या झाल्या. "काय झालं? मी जागीच होते."

"बोंड उसवलंय. मणी नाही."

मग ती गुडघ्यांवर आली. चटया उचलल्या, पोरांच्या उशा झटकल्या, कपाटाखाली हात घालून कोळिष्टकं बाहेर काढली. मुंगीचे कपडे उतरवून झटकले. पोरं उठली, दोघं रडायला लागली, एकाला वाटलं हा खेळ आहे, तो पण तिच्यामागून गुडघ्यांवर फिरू लागला. खोलीत टोकदार काही नव्हतं तसं लपायला फटही नव्हती; मावशीनंच सगळ्या बुजवल्या होत्या. मणी असता तर सापडलाच असता.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दुपारी बंद. फोन मात्र त्यांनी उचलला.

"श्वास कसा घेतेय? घरघर? खोकला?"

"नाही. मला चावली आत्ता."

"लाळ गळतेय? ओठ निळे?"

"नाही, बाई. हसतेय. पण मणी एवढा... फोटोत दिसेल ना हो? पोटाच्या फोटोत?"

"लाकडी आहे ना? मग दिसेलच असं नाही." पलीकडे चाव्या खुळखुळल्या. "हे बघा, श्वासाला जरा जरी अडलं तर थेट मोठ्या दवाखान्यात. माझी वाट बघू नका. नाहीतर तिच्या आईला बोलावून घ्या आणि इकडे आणा, मी खाली उतरून दार उघडते. तोवर पोटात काही घालू नका. पाणीसुद्धा नाही."

मावशीनं फोन खाली ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला.

"थांब की जरा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वेगळाच येत होता. "लगेच तिच्या आईला कशाला? आधी बघू तरी. पोर हसतेय खेळतेय. उगाच बिचारीच्या काळजात..."

"तिची पोर आहे, आई."

"अगं, पण गल्लीभर होईल. उद्या एक पोर येणार नाही इथं."

मावशीलाही ते ठाऊक होतं. ते तिच्या डोक्यात सासूबाईंच्या आधी येऊन बसलं होतं, आणि तिथं ते आलं ह्याचीच तिला शरम वाटत होती. तिनं नंबर दाबला. बसची घंटा, माणसांचा कालवा, मग तो भरल्या गाडीत पोचणारा आवाज: "बोला, मावशी."

"मुंगीनं बहुतेक लाकडी मणी गिळलाय. श्वास ठीक आहे. तुम्ही या."

कालवा तसाच चालू राहिला. आवाज मात्र खाली आला. "बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही हो."

"आले. ड्रायव्हरला सांगते. आले मी."

आता वाट बघायची. मावशी मुंगीला मांडीत घेऊन बसली आणि तिच्या छातीला कान लावला. मुंगीला हा लाड वाटला. मग इतर पोरांची दुधाची वेळ झाली, त्यांना बिस्किटं द्यावी लागली, आणि मुंगीनं बिस्किट पाहिलं.

"खाऊ," ती म्हणाली.

"थांब हं, राजा."

"खाऊ!"

"आई येतेय. आली की."

मुंगीनं आभाळ डोक्यावर घेतलं. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी तोंड बंद ठेवायला सांगत होतं. रडताना तिचा श्वास अडके आणि मावशीचा त्याच्याबरोबर. हुंदका म्हणजे हुंदका, की अडकलेल्या मण्याची ही सुरुवात? घरघर कशी असते? आपण कधी ऐकलीय का? सासऱ्यांच्या छातीत शेवटी व्हायची तसली? तिनं मुंगीला उभं केलं, पालथं केलं, पुन्हा सरळ केलं.

हातांना काहीतरी हवं म्हणून तिनं तो ओला गुंताळा ओढून घेतला आणि दोरा बोटांवर गुंडाळू लागली. मुंगी रडून रडून खांद्यावर मान टाकून पडली होती. दोरा गुंडाळला जात होता. एक लड झाली, तरी खाली होताच. मावशीचा हात मंदावला.

इतक्या वर्षांत तिनं इतकं विणून उसवलं होतं, की कातड्याला किती दोरा लागतो हे तिच्या बोटांना तोंडपाठ होतं. एवढा नाही लागत. गोफाचंही थोडं टोक उसवलं होतं, ते धरलं तरी नाही.

"आई," ती म्हणाली, "ह्यात दोरा इतका कसा?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आई, मी काय विचारतेय?"

"एक मणी मोरीत गेला," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या हातून निसटला. वाटीत बसवत होते, बोटं मिटेनात, निसटला आणि गेला टणाटण उड्या मारत. मोरीच्या जाळीतून खाली. मी काडी घालून बघितलं." त्यांनी आपले सुजलेले हात पदराखाली घेतले. "मग दोऱ्याचाच गोळा वळला. दगडासारखा आवळून. तोच घातला आत."

"मला सांगायचं नाही?"

"तुला?" सासूबाई फिरल्या. "तू मागं उभीच होतीस. जमतंय ना, आई? जमतंय ना, आई? तुला सांगितलं असतं तर सुई काढून घेतली असतीस माझ्या हातातून. माया करूनच काढली असतीस. एवढीच राहिलीय माझ्याकडे."

मावशीला राग यायला हवा होता, पण रागाच्या आधी दुसरंच काही छातीत उसळून आलं: मग हेच ते बोंड असेल. दोऱ्याचं. मग पोटात लाकूड नाहीच.

"हेच का ते? आई, हेच का?"

"मला काय माहीत? सगळी सारखीच. मुद्दाम तशी केली ना मी, तुला कळू नये म्हणून." सासूबाईंचा आवाज फाटला. "शेवटचा फास ओढायला पण जोर राहिला नव्हता त्या दिवशी. दातानं तोडला दोरा. कुठल्या बोंडाचा, ते आता नाही आठवत."

उसवलेल्या दोऱ्यात विणणाऱ्याचा हात उरत नाही. दोराही वाढीव वाटतो खरा, पण लाळेनं ताणलेला, तुटलेला; मावशीची बोटं एक म्हणत होती आणि मावशी स्वतः बोटांवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. तिनं खिडक्यांचे सगळे बंद ओरबाडून काढले आणि उरलेली सात बोंडं ताटात ठेवली. ह्या सातांत जर दोऱ्याचं बोंड निघालं, तर उसवलेल्यात लाकूड होतं, आणि ते आता मुंगीत होतं. सातही लाकडाची निघाली, तर पोर सुटली.

फाटक आपटलं. कंडक्टरबाई धापा टाकत आत आली, चामड्याची पिशवी तशीच खांद्यावर. तिनं मावशीच्या हातातून मुंगी ओढून घेतली, तिच्या तोंडाचा वास घेतला, पोट दाबलं, डोळे बघितले.

"चला दवाखान्यात."

"एक मिनिट," मावशी म्हणाली. "ऐकून घ्या. डॉक्टर म्हणतात, लाकूड फोटोत दिसेलच असं नाही. इथं कळेल कदाचित." आणि तिनं भराभर सगळं सांगितलं: मोरी, दोऱ्याचा गोळा, ताटातली सात. सासूबाईंचं नाव मध्ये आणायचं नाही असं ठरवून सुरुवात केली होती, पण सासूबाईच म्हणाल्या, "मी केलं ते. माझी लबाडी. हिला ठाऊक नव्हती."

कंडक्टरबाईनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. पास दाखवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

"मग बघा ना. कशाची वाट बघताय?"

सासूबाईंनी सुई घेतली आणि पहिल्या बोंडात टोचली. "अडली. लाकूड आहे."

"अडली की घट्ट दोऱ्यात रुतली?" मावशीनं विचारलं.

सासूबाईंनी सुई बाहेर काढली.

"फोडा," कंडक्टरबाई म्हणाली. "मला डोळ्यांनी बघायचाय."

मावशीनं कात्री घेतली. मुक्या खांबांची वीण ती. कात्रीचं टोक आत शिरायलाच तयार नव्हतं. जोर केला तशी एकदम कचकन् शिरली आणि कातडं उललं. आत पिवळं लाकूड. मणी ताटात पडला, टण्ण. दुसरं बोंड. टण्ण. मुंगीनं हात पुढं केला. आईनं तो मुठीत धरून ठेवला.

तिसऱ्याला कात्री शिरली, पुढं गेली, आणखी पुढं गेली. मावशीचा हात थांबला. लाकडाला लागायला हवी होती. तिच्या मानेवरून घाम ओघळला. "काय?" कंडक्टरबाई ओरडली, "काय झालं?" मावशीनं फट दोन्ही अंगठ्यांनी फाकवली. कात्री मण्याच्या भोकात गेली होती. लाकूडच. टण्ण.

चौथं फोडताना कात्री तिच्या बोटात घुसली. रक्त दोऱ्यावर आलं, तिनं तसंच ओढलं. टण्ण. पाचवं. सहावं. आता ताटात मणी घरंगळत होते आणि सातवं बोंड मावशीच्या हातात होतं. ते बाकीच्यांपेक्षा हलकं आहे असं तिला वाटलं. ते मऊ आहे असंही वाटलं. तिनं ते सासूबाईंपुढं धरलं. "आई, तुम्ही बघा."

सासूबाईंनी ते दोन्ही तळव्यांत घेतलं, गालाला लावलं, वास घेतला. मग परत दिलं. "नाही कळत गं. काप."

मावशीनं कापलं.

टण्ण असं वाजलं ते आधी कुणाला पटलंच नाही. कंडक्टरबाईनं खाली बसून तो मणी उचलला, दाताखाली धरून चावून बघितला, आणि परत ताटात ठेवला. सासूबाई भिंतीला टेकल्या. मावशीनं तोंडावर पदर धरला. आवाज येत नव्हता, फक्त खांदे हलत होते. शिंपिणीचं पोर तिच्याकडे बघून रडू लागलं.

"म्हणजे हिनं गिळला तो दोरा," कंडक्टरबाई म्हणाली.

"दोरा मी ओढून काढला. सगळा... म्हणजे जेवढा होता तेवढा."

"हं." ती उठली. "तुमचे मणी मोजून झाले, मावशी. आता मी माझी पोर मोजून घेते." आणि ती मुंगीला घेऊन दवाखान्याकडे गेली. चप्पल घालायची राहिली होती, ती दारातच पडून राहिली.

संध्याकाळी आईबाप पोरांना न्यायला आले. मावशीनं प्रत्येकाला दारातच सगळं सांगितलं. बोटाला चिंधी बांधलेली, डोळे सुजलेले. शिंपीण म्हणाली, "जाऊ द्या हो, होतं असं." एका पोराचा बाप त्याचं अंथरूण, पेला, जादा कपडे, सगळं गोळा करून घेऊन गेला.

"सगळ्यांना सांगत सुटायची काय गरज होती?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यात दम नव्हता.

दवाखान्यातून एवढाच निरोप आला, की छाती साफ आहे, पोट मऊ आहे, आणि लंगोट तपासत राहा. पोर उद्या येणार की नाही ह्याबद्दल काही नाही. मावशीला विचारायचा धीर झाला नाही.

सकाळी खिडक्यांवर पडदे सुटेच होते. एक पोर कमी होतं. कंडक्टरबाईची यायची वेळ झाली आणि गेली. मावशी कुठल्या तरी निमित्तानं दाराशी जाई. फाटकाची कडी ओढून बघे.

शेवटी ती आली. खाकी कपडे, कडेवर मुंगी, मुंगीची पिशवी खांद्यावर. नमस्कार नाही, काही नाही. सरळ खिडकीशी गेली. पडद्याची एकेक कडी ओढून बघितली, टाचा उंचावून दांडीची टोपडी पिळली, चटईची कड उलटली. मावशी भिंतीला लागून उभी होती, बिनतिकिटाचं माणूस उभं राहतं तशी.

मग कंडक्टरबाई सासूबाईंपुढं येऊन उभी राहिली. "आजी, आणखी काही सांगायचं राहिलंय?"

सासूबाईंनी मांडीवरचे हात एकमेकांत अडकवले. मावशीला त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

"राहिलंय," सासूबाई म्हणाल्या. "डाव्या दांडीच्या टोपड्यात ही म्हणते कापूस आहे. कापूस नाही. मांजर घेऊन गेलं होतं तो. आत पेपरचा बोळा आहे."

"आई!"

"आणि ती पलीकडची कडी आहे ना, हिच्या नकळत मी मढवलेली, तिच्यात सुईचं टोक मोडून... नाही, ते काढलं होतं मी. काढलं होतं. पण बघून घे एकदा."

कंडक्टरबाईच्या नाकातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रागाचा, हे मावशीला ठरवता आलं नाही. ती बाहेर रस्त्याकडे बघत होती. बसची वेळ झाली असणार.

"स्टूल आणा, मावशी," ती म्हणाली. "आधी ती कडी उतरवा. माझ्यासमोर."

मावशीनं स्टूल आणलं. दांडी खाली घेतली, कडी काढली, मुके खांब एकेक करून उसवले. खाली गंजकं लोखंड निघालं, बाकी काही नाही. टोपड्यातून कागदाचा बोळा निघाला. कंडक्टरबाईनं तो उलगडून बघितला आणि आपल्या चामड्याच्या पिशवीत टाकला.

मग खांद्यावरची मुंगीची पिशवी उतरवून तिनं मावशीच्या हातात दिली.